धूर दिसला की नाव आणतो

पुएस्तो केमादो
१४ डिसेंबर १९९६

एर्मिंदा,

तुझं पत्र बार्रिआने काल डाकेच्या लाँचमधून आणून दिलं. वाचून माझी झोप गेली. तुझ्या नेल्सनची पोर पाठीवर पिशवी टाकून पुएर्तो मोंतपासून इथपर्यंत येणार, तीही एकटी, आणि तू हे असं लिहितेस जसं काही ती शेजारच्या गल्लीत पाव आणायला निघाली आहे. तुला इथून जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून तू विसरलीस. वाटेत किती नद्या आहेत, किती हिमनद्या आहेत, वारा माणसाला घोड्यावरून कसा खाली पाडतो, सगळं विसरलीस.

हे पिशवीवाले आता दर उन्हाळ्यात येतात. गेल्या वर्षी दोन परदेशी आले होते. एकाच्या पायाला फोड, दुसऱ्याला ताप. मी विचारलं, बाबांनो, कशाला एवढे हाल काढता? तर म्हणे बर्फ बघायला. बर्फ तर मी जन्मभर बघतोय, त्यात बघण्यासारखं काही नाही.

तिला म्हणावं, लाँचने ये. लाँच पंधरवड्याने येते, वारा असला तर तीही येत नाही, पण माणूस जिवंत पोचतं. नाहीच ऐकली तर हे नीट सांग, आणि तिच्याकडून परत म्हणवून घे. गाडीरस्ता संपतो तिथून पायवाट जंगलातून, नदी तळ्याला मिळते त्या मुखापर्यंत येते. समोरच्या काठावर माझं घर. नाव माझ्या बाजूला बांधलेली असते. तिने तिथेच थांबायचं, सुकी लाकडं पेटवायची आणि वर न्यिरेच्या ओल्या फांद्या टाकायच्या. पांढरा धूर सरळ वर चढतो. धूर दिसला की मी नाव आणतो. बापाच्या वेळेपासून आपण नाव अशीच बोलावतो. हाका मारून उपयोग नाही, वारा हाक उलटी घेऊन जातो. आणि नदीत पाय घालायचा नाही. पाणी बर्फातून येतं, दुधासारखं पांढरं असतं, तळ दिसत नाही.

मला जवळचं दिसत नाही, हे पत्र लिहायला अर्धा दिवस गेला. पण लांबचं अजून चांगलं दिसतं. पलीकडच्या काठावरची गाय कुणाची ते मी सांगतो. तेव्हा तिला भिऊ नको म्हणावं.

लहानपणी आली होती तेव्हा मी कोकरू कापलं म्हणून माझ्याशी बोलली नव्हती. अजून राग आहे का?

तुझा भाऊ
ओनोफ्रे


पुएर्तो मोंत
४ जानेवारी १९९७

ओनोफ्रेदादा,

यास्ना आज सकाळी निघाली. मी बंदरापर्यंत गेले होते. पिशवी तिच्याहून मोठी. मागून बघितलं तर पिशवीलाच पाय फुटल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, "लाँचने जा गं, तुझा आजोबा तिकडे काळजीने मरेल." तर म्हणते, "आजी, तुझे बाबा गुरं हाकत चालत गेले ना तिथे? मग मला चालता येणार नाही होय? आणि आजोबा काळजीने मरणारे असते तर कधीच मेले असते." तोंड कुणावर गेलंय ते मी सांगायला नको.

धुराचं तिला तीनदा सांगितलं. ती हो हो म्हणाली. तिच्या हो हो म्हणण्यावर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून रेडिओवर निरोपही दिला आहे. पोरगी निघाली आहे, धुराकडे लक्ष ठेवा, असा. तू संध्याकाळचे निरोप ऐकतोस ना अजून? बॅटरी आहे ना?

आता खरं सांगते, ती बर्फ बघायला येत नाही. तुला न्यायला येते आहे. मीच पाठवली. गेल्या हिवाळ्यात तू पडलास आणि चुलीपर्यंत सरपटत गेलास, हे मला बार्रिआकडून कळलं, तुझ्याकडून नाही. नेल्सन आला असता तर तू त्याला दारातून परत पाठवलं असतंस. मला तर तू उत्तरच देत नाहीस. पण तिला नाही म्हणणं तुला जमणार नाही, हे मला माहीत आहे. मागची खोली मी रिकामी केली आहे. पेर्ला कुत्रीलाही जागा आहे.

एक लक्षात ठेव, ती आता मांस खात नाही. त्या कोकरामुळेच असेल. तेव्हा कापू नकोस काही. वाटाणे शिजव, बटाटे भाज, पाव कर. तिच्याजवळ तुझ्यासाठी येर्बाची चहापत्ती आहे, आणि मी विणलेले लोकरीचे मोजे.

ती पोचली की लगेच कळव.

तुझी
एर्मिंदा


पुएस्तो केमादो
३० जानेवारी १९९७

एर्मिंदा,

पोर अजून आली नाही. तुझं पत्र आलं, रेडिओवरचा निरोपही ऐकला. तेव्हापासून मी उठतो तो काठावर जातो, आणि जेवणाचं ताटही तिथेच नेतो. धूर नाही. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ आहे. आज सकाळी बार्रिआ आला. त्याला विचारलं, "रस्त्यावर एखादी पोरगी दिसली का?" तो म्हणाला, "ओनोफ्रे, रस्ताभर पोरीच आहेत, पिशव्या घेऊन ट्रकवाल्यांना हात करतायत. तुझी कुठली, ते कपाळावर थोडंच लिहिलंय?" ती कुठेतरी बर्फ बघत बसली असेल. या मुलांना वेळेचं काही वाटत नाही. भेटली की मी काय बोलणार आहे ते ठरवून ठेवलंय.

मला न्यायचं म्हणतेस. मी काही बोललो नाही असं समज. आधी ती येऊ दे.

मांस खात नाही हे वाचून बरं वाटलं नाही. अशा थंडीत माणूस मांस न खाता जगतं कसं? पण मी कोकरू कापलं नाही. वाटाणे भिजत घातले, ते मोड येऊन वाया गेले, परत घातले. पाव रोज करतो आणि रोज शिळा मीच खातो. पेर्लाच्या पायात काटा गेलाय, लंगडते आहे. चरबी लावून बांधून ठेवलं, तर दाताने सोडते.

इकडे तेवढी एक नवी गोष्ट. पलीकडच्या काठावर, कोइवेच्या मोठ्या झाडाला कुणीतरी तांबडं फडकं लावलं होतं. वरच्या कुरणातल्या कार्देनासच्या पोरांनी गुरं खाली आणली असतील आणि एखादं कापलं असेल. पण मांस विकायला तिथे फडकं लावतात हे बघून हसू आलं. त्या काठावर घेणार कोण, कोल्हे? दारावर तांबडं म्हणजे मांस आणि पांढरं म्हणजे पाव हे खरं, पण दार तरी हवं ना. ती पोरं बापासारखीच खुळी आहेत. पेर्ला तिकडे तोंड करून सारखी भुंकत होती, वास आला असणार. शेवटी मी तिला दटावून घरात घातलं.

जाऊन थोडं आणावं असं मनात आलं होतं. पण आधी वारा होता, आणि मग म्हटलं, पोर तर खात नाही, मग आणायचं कुणासाठी? ती खाणारी असती तर गेलो असतो. काल सकाळी तळं अगदी निवांत होतं, तेव्हा मी तिच्या खाटेच्या चामड्याच्या पट्ट्या ताणायला बसलो. खाट झोळीसारखी झाली होती. आता कडक आहे. दुपारी बाहेर येऊन बघितलं तर फडकं गेलं होतं. मांस संपलं असेल.

बार्रिआ घाई करतोय. धूर दिसला की कळवीन.

ओनोफ्रे


पुएर्तो मोंत
१ फेब्रुवारी १९९७

ओनोफ्रेदादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा यास्ना तुझ्या चुलीपाशी मोजे वाळवत बसलेली असेल. तिला माझ्यातर्फे ओरड. आज तिचं कार्ड आलं, कोक्रानहून टाकलेलं. वाटेत किती दिवस फिरत होतं देव जाणे. जसंच्या तसं उतरवून देते:

"आजी, मी छान आहे. नाकाचं साल निघालंय. मेंढ्यांच्या ट्रकमध्ये मेंढ्यांबरोबर आले, आता माझ्या अंगाला त्यांचा वास येतो, आजोबांना घरच्यासारखं वाटेल. तळी इतकी निळी आहेत की खोटी वाटतात. एक गोष्ट, रागावू नकोस. मी जाळ करणार नाही. या वर्षी पाऊसच नाही, सगळं जंगल काडेपेटीसारखं सुकलंय. मागच्या उन्हाळ्यात कुणा पिशवीवाल्याच्या चहाच्या जाळाने आख्खा डोंगर गेला, मी काल तिथूनच चालत आले. नुसती काळी खोडं. मी ते करणार नाही, आजोबांसाठीसुद्धा नाही. पिशवीवर पावसासाठीचं तांबडं आवरण आहे, ते काठावरच्या सगळ्यात मोठ्या झाडाला बांधीन. एवढं तांबडं त्यांना दिसेलच. तूच म्हणालीस ना, त्यांना पलीकडची गाय ओळखू येते?"

बघ आता. आपल्या बापांनी कुरणांसाठी महिने महिने डोंगर जाळले, आणि ही पोर एक चूल पेटवायला तयार नाही. वाचून आधी राग आला. मग हसू आलं. म्हटलं, तुला वाटायचं पलीकडे कुणी बैल कापलाय. पण तू काही एवढा खुळा नाहीस. त्या काठावर मांस विकायला कोण बसलंय?

ती आली की तिच्या हाताने दोन ओळी लिहायला लाव.

एर्मिंदा


पुएस्तो केमादो
२४ फेब्रुवारी १९९७

एर्मिंदा,

पोलिसांनी तुला तारेने कळवलं असेल. तरी मी लिहितो. मीच लिहायला पाहिजे.

तुझं पत्र बार्रिआने लाँचमधूनच माझ्या हातात दिलं. मी पाण्यात उभ्यानेच वाचलं. तो म्हणाला, "काय रे, पांढरा पडलास?" मी म्हटलं, "नाव सोड." तो म्हणाला, "वारा आहे, म्हाताऱ्या." मी म्हटलं, "नाव सोड." मग तो वल्ही घेऊन माझ्याबरोबर आला.

कोइवेच्या झाडाखाली गवत दबलेलं होतं, तंबूएवढं. फांदीला दोरीचा तुकडा. चुलीचे दगडसुद्धा मांडले नव्हते तिने. कुठे एक काडी जळलेली नाही. बटाट्याची सालं होती, तीही मातीत पुरलेली, पेर्लाने उकरली म्हणून कळलं. तिथून बुटांचे ठसे काठाकाठाने वर गेलेत, बर्फाच्या दिशेने. बार्रिआ म्हणाला, तिच्याजवळ नकाशा असणार आणि नकाशावर अजून झुलता पूल असणार. तो पूल वाहून गेला तेव्हा ती पोर शाळेतसुद्धा जात नव्हती. पुलाचे खांब राहिलेत, लांबून बघितलं तर पूल आहे असं वाटतं.

तिथे ती पाण्यात उतरली. बुटांचे ठसे वाळूत पाण्यापर्यंत आहेत. पलीकडे नाहीत.

पोलीस आले, घोडे आणले, कार्देनास आणि त्याची पोरं आली. कार्देनास म्हणाला, या वर्षी त्यांनी गुरं खाली आणलीच नाहीत, कुरण वाळलंय म्हणून वरच ठेवलीत. मी त्याला काही विचारलं नव्हतं, तो आपणहून बोलला. पिशवी नदीच्या वळणावर लाकडांच्या ओंडक्यांत अडकलेली सापडली. तांबडं आवरण नीट घडी करून वरच्या कप्प्यात ठेवलेलं होतं. येर्बा भिजून गेली. मोजे आहेत.

ती सापडली नाही. आता सापडणार नाही. तुला माहीत आहे, पाणी इतकं थंड असतं की हे तळं माणूस वर आणत नाही. आपला धाकटा भाऊ तरी कुठे आला वर? पोलीस परवा गेले. मी अजून नावेने काठ बघतो.

मी रोज पलीकडे बघत होतो, एर्मिंदा. धूर नव्हता.

एक विचारायचं होतं. मी जानेवारीच्या शेवटी एक पत्र टाकलं होतं, ते मिळालं का? मिळालं नसेल तर जाऊ दे. त्यात विशेष काही नव्हतं, हवापाण्याचंच होतं. उशिरा आलं तर वाचू नकोस, चुलीत घाल. नेल्सनला काय तोंड दाखवू ते कळत नाही.

ओनोफ्रे


पुएर्तो मोंत
१८ मार्च १९९७

दादा,

मला बरेच दिवस लिहिता आलं नाही. नेल्सन तिकडे यायला निघाला होता, कोइहाइकेपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, पाणी बघून काय करू. तो घरात बसून असतो. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही. पाठवली मीच, तेव्हा तिचं बरोबर आहे.

तू विचारलंस ते जानेवारीचं पत्र मला मिळालं नाही. त्या खेपेला डाकेची थैली भिजली आणि सगळी पत्रं लगदा झाली, असं ऐकलं. तेव्हा त्यात काय होतं याचा विचार करू नकोस. हवापाण्याचं होतं म्हणतोस ना, मग तेवढंच होतं.

मी आता म्हणते ते लक्ष देऊन वाच. तुझ्याकडून काही झालेलं नाही. धुराकडे बघ असं तुला मी सांगितलं. रेडिओवर, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं सांगितलं. तू धुराकडे बघत होतास. दुसरं काही बघायला तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने कार्ड टाकलं ते वेळेवर आलं नाही. कुणाच्याही डोळ्यांना दिसलं नसतं. मी नेल्सनलाही हेच सांगितलं आहे, आणि कुणी विचारलं तर हेच सांगणार.

हिवाळ्याआधी निघून ये. खोली तशीच आहे. मी त्या खोलीत जात नाही, पण तू आलास तर जाईन. तिने तुला आणायचं मनात घेतलं होतं, तेवढं तरी होऊ दे. आपण दोघं उरलो आहोत, दादा. तू तिथे पडलास तर मला बार्रिआने सांगावं आणि मी इथे बसून ऐकावं, हे मला आता झेपणार नाही.

पेर्लाचा पाय बरा झाला का? तिलाही आण.

एर्मिंदा


पुएस्तो केमादो
२० एप्रिल १९९७

एर्मिंदा,

वरच्या अंगाला बर्फ पडलं. ही लाँच बहुतेक शेवटची, पुढे तळ्यावर वारा कुणाला येऊ देणार नाही. बार्रिआ चुलीपाशी शेकत बसलाय आणि मी लिहितोय.

त्याला मी म्हटलं, "जानेवारीत तुझी थैली भिजली म्हणे." तो असा उसळला की हातातला येर्बाचा पेला सांडला. म्हणाला, "कोण म्हणतं? वीस वर्षं तुमची पत्रं पोटाशी धरून आणतोय, लाटांत माझे कपडे भिजतात पण तुमची डाक नाही भिजत. त्या खेपेची थैली कोक्रानच्या टपालात मी स्वतः कोरडी ठेवली. आणा त्याला माझ्यासमोर." मी म्हटलं, असेल, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. तो अजून धुसफुसतोय.

मी येणार नाही. मला न्यायला येणारी आली होती. मला नाव सोडायची होती, तेवढंच काम होतं. आता दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, आणि तूही येऊ नकोस.

खाट तशीच आहे, पट्ट्या कडक आहेत. मी तिच्यावर झोपत नाही. मोजे वाळवले, ते उशापाशी ठेवलेत. तुझ्या हातचे आहेत म्हणून घालून बघितले, आणि काढले. तांबडं आवरण पोलीस मला देऊन गेले. ते मी कुठे लावलेलं नाही. त्याची तिने घातली होती तशीच घडी आहे.

रोज सकाळी वारा नसला की मी पलीकडे जातो आणि त्या झाडाखालून माझ्या घराकडे बघतो. तिथून सगळं दिसतं, एर्मिंदा. धुराडं दिसतं, दारातली लाकडं दिसतात. माणूस बाहेर आलं तर कळतं. मला ती बघत असणार. मी ताट घेऊन काठावर बसायचो, तेही बघत असणार. म्हाताऱ्याने तांबडं बघितलंय, आता येईल, असं तिला वाटत असणार.

पेर्लाच्या पायाचं मी तुला त्या एकाच पत्रात लिहिलं होतं. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू विचारलंस म्हणून मला कळलं, नाहीतर कळलं नसतं. पुढे मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तू विचारलंस त्याचं उत्तर. पाय बरा झाला. आता लंगडत नाही. रोज काठावर जाते आणि पलीकडे तोंड करून भुंकते. मी तिला दटावत नाही.

ओनोफ्रे